सलग तीन महिने

प्रभादेवीच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. लालबाग-परळच्या बायकांना आम्ही रुग्णसेवा शिकवतो आणि नर्सिंग होममध्ये आया म्हणून नोकरीला लावतो. प्रवेश देणं आणि नोकरी लागल्यावर मागे लागून चौकशी करत राहणं हे काम माझ्याकडे. मी गिरगावची आहे आणि तोंडाने फटकळ आहे. दोन्ही गोष्टींचा या कामात उपयोगच झाला.

पूर्वी आम्हाला देणग्या मिळायच्या. देणगीदार वर्षातून एकदा यायचे, बायकांबरोबर फोटो काढायचे, बटाटेवडा खायचे आणि जायचे. कुणाची नोकरी टिकली का, हे त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही. मग नवी पद्धत आली. एका गुंतवणूकदाराने आधी पैसे लावायचे, आम्ही काम करायचं, तिसऱ्याच कुणीतरी निकाल तपासायचा, आणि निकाल दिसला तर एका मोठ्या फाउंडेशनने त्या गुंतवणूकदाराचे पैसे नफ्यासकट परत करायचे. निकाल म्हणजे काय, तर बाई नोकरीत सलग तीन महिने टिकली पाहिजे. लग्न जमवणाऱ्याला संसार टिकल्यावरच पैसे द्यावेत, तसं हे. मला ते आवडलं होतं, आणि तत्त्वाला माझी आजही हरकत नाही. निदान बाईचं पुढे काय झालं हे कुणी तरी विचारत होतं.

फक्त करार लिहिणाऱ्यांपैकी एकाचंही गाव कोकणात नव्हतं. आषाढात नोकरीला लागलेल्या बाईचे तीन महिने भरायच्या आत गणपती येतात, आणि गणपतीत कोकणातला माणूस मुंबईत थांबत नाही. साहेबाने नोकरीवरून काढायची धमकी दिली तरी नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आषाढात लागलेल्या अशाच एका बॅचमध्ये लालबागच्या चाळीतली एक बाई होती. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी कॉलेजात, राहायची खोली भाड्याची. परळच्या एका नर्सिंग होममध्ये तिला आम्ही लावलं होतं आणि तिचं काम चांगलं होतं. गणपतीच्या तोंडावर ती ऑफिसात आली आणि रजा मिळवून द्या म्हणाली. मेट्रनबाईंनी तिला साफ सांगितलं होतं, की जुन्या आयांनी आधीच रजा टाकल्यात, नव्या बाईने जायचं असेल तर परत येऊ नये.

मी तिला म्हटलं, "अहो, एक वर्ष नाही गेलात तर गणपती रुसणार आहेत का?"

"गणपती नाय रुसणार, दीर रुसतले," ती म्हणाली. "यंदा पाळी आमची आसा. मी नाय गेलंय, तर उद्या घरात पाय ठेवक देवचे नाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या घरचा गणपती तीन भावांत पाळीपाळीने असतो. ज्याची पाळी, त्याने त्या वर्षी सगळं करायचं. नवऱ्यामागे तिची ही पहिलीच पाळी. ती चुकली असती, तर मुंबईवालीला घर नको झालं असं गावभर झालं असतं, आणि माडीवरची एक खोली, जगात तिची म्हणावी अशी एकच, हळूच थोरल्या दिराकडे गेली असती. इकडे नोकरी, तिकडे खोली. मला स्वतःचाच संताप आला, कारण माझंही गाव तिकडचंच आणि मी तिला गणपतीच्या रुसण्याच्या गप्पा सांगत होते.

माझे वडील मिलमध्ये होते. गावी जाताना ते आपल्या जागी बदली कामगार उभा करून जात, आणि परत आल्यावर जागा त्यांचीच असे. मी मेट्रनबाईंना जाऊन भेटले आणि म्हटलं, बदली दिली तर? बदली बाई मला लगेच मिळाली. त्याच बॅचमधली, अजून नोकरी न लागलेली, नायगावची. तिची बीडीडी चाळ नव्या इमारतीसाठी पाडली होती आणि ती वडाळ्याला भाड्याने राहत होती. घर बौद्ध, त्यामुळे गणपतीत गावी पळायची घाई नव्हती.

"जा गं तू बिनधास्त," ती हिला म्हणाली. "मी मारते तुझी ड्युटी. जयंतीला मात्र मला सुट्टी पाहिजे, तेव्हा तू उभी राहायचं, कळलं?"

मेट्रनबाई कुरकुरल्या, पण तयार झाल्या. बाई गावी गेली, पाळी केली, सगळ्या भावकीसमोर थाटात केली, आणि खोलीला स्वतःचं कुलूप लावून परत आली. दुसऱ्या दिवशी ती कामावर होती. मी खूश होते. अगदी फुशारक्या मारत हिंडत होते.

मग तपासणीवाला आला. तरणा मुलगा, टॅब घेऊन, बोलायला नम्र. त्याने पगाराचा हिशेब पाहिला आणि बाईच्या नावापुढे नापास लिहिलं.

"सलग नाही, मॅडम. मधे खंड आहे."

"ती समोर उभी आहे, युनिफॉर्ममध्ये. दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय. पण करारात सलग लिहिलंय."

"तुम्ही कुठे होता गणपतीत?"

तो लाजला. "चिपळूणला. गावी."

"मग तुमची नोकरी सलग आहे का?"

तो हसला, पण नापास नापासच राहिलं. त्या बॅचमधल्या कोकणातल्या जवळजवळ सगळ्याच बायका अशा गळल्या.

मग फाउंडेशनच्या ऑफिसात मीटिंग झाली. तिथे कुणी वाईट माणसं नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. हुशार होती, प्रेमाने बोलत होती. मी म्हटलं, करारातला "सलग" काढा. ते म्हणाले, करार मधेच बदलता येत नाही, पण बायका निवडताना जोखीम कमी करता येईल. म्हणजे या मोसमाच्या बॅचला कोकणात गाव असलेल्या बायका घ्यायच्या नाहीत, त्यांना नंतर घेऊ.

"नंतर शिमगा आहे," मी म्हटलं. "मग मे महिन्यात गावची लग्नं."

सगळे हसले. आमच्या संचालकांनी मान डोलावली. बाकीच्या बायकांचं शिक्षण त्याच पैशावर चालणार होतं, त्यामुळे त्यांनाही मी फार दोष देत नाही. पण बसने घरी येताना मला रडू आलं. निकाल मोजायला निघालेल्यांनी शेवटी गावंच मोजायला घेतली होती.

तेव्हापासून प्रवेशाच्या वेळी मी गाव विचारते.

यंदाच्या बॅचला ती बाई पुन्हा ऑफिसात आली. तिची नोकरी त्याच नर्सिंग होममध्ये चालू आहे, नापास होऊनसुद्धा. धाकट्या जावेला घेऊन आली होती. दिराचं काम सुटलं होतं आणि जावेला नोकरीची खरंच गरज होती. ती स्वतः दारात उभी राहिली आणि जाऊ माझ्यासमोर बसली.

"गाव?" मी विचारलं.

"गाव नाय. आमी मुंबैचेच," जाऊ म्हणाली. घोकून आल्यासारखी. दारातली पंख्याकडे बघत होती.

ज्या घरातल्या खोलीसाठी एकीने नोकरी पणाला लावली होती, ते घरच नाही म्हणायची पाळी दुसरीवर आली होती. मला फार वाईट वाटलं. मी मुंबई असं लिहिलं. आणि मग सवयीने, आपल्या माणसाला विचारावं तसं, विचारून बसले, "यंदा गणपती कुणाकडे?"

"आमच्याकडे," ती चटकन म्हणाली, आणि जीभ चावली.

मी लिहिलेलं खोडलं नाही.