तीन अक्षरांचं उरलंसुरलं

वर्धमान आण्णा एसटीच्या कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपरातलं इंग्रजी शब्दकोडं. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच असतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा, अरिहंतचा, बंगळूरहून मला फोन आला. आण्णा सोमवारपासून एकभुक्त राहणार, संध्याकाळचं जेवणच सोडणार म्हणतात, तेवढं समजवा. जैनांच्या व्रतात मी मराठा गडी काय डोंबल समजावणार? तरी गेलो.

साडेपाच वाजले होते. दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून आण्णा ताट घेऊन बसले होते. भाकरी अर्धी खाल्लेली, आमटी निवलेली, डोळे कोड्यात. मला बघताच सांगू लागले, की आज 'ऑर्ट' आलाय. ओ, आर, टी. जुन्या जर्मन बोलीतला म्हणे. जेवल्यावर मागं राहिलेला घास, असा अर्थ. इंग्रजांच्या घरातून तो शब्द कधीच उठला, आता फक्त कोडी रचणाऱ्यांच्या उपयोगी पडतो. आण्णांनी तो शेकडो वेळा चौकटीत भरला होता, पण कुणापाशी बोलून दाखवला तो त्या दिवशीच.

मी म्हटलं, "म्हणजे आपलं उष्टंच की. त्याला एवढं इंग्रजी कशाला?"

"न्हाय," आण्णा म्हणाले. "उष्ट्याला दुसरं माणूस लागतंय. आपलं आपल्याला कुठं उष्टं असतंय? अरिहंतची आई गेल्यापासनं आमच्यात उष्टं झालंच न्हाय. नुसतं उरतंय."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. व्रतबीत काही नव्हतं, संध्याकाळचं ते एकट्याचं ताट त्यांना सोसवत नव्हतं. मी त्यांच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि खाल्ली. आण्णांनी नको नको म्हणत आमटीची वाटीही पुढं सरकवली. उद्या जेवायलाच येतो, असं सांगून मी जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मेहुण्याकडं मलकापूरला जावं लागलं. खरं सांगायचं तर लागलं नव्हतं, गेलो. आण्णांनी चार भाकऱ्या थापल्या होत्या. माझी वाट बघण्यात दिवस मावळला, आणि मावळल्यावर ते पाण्याशिवाय काही घेत नाहीत. हे सगळं मला बायकोनं नंतर सुनावलं.

मंगळवारी पुन्हा वर गेलो, माफी मागितली, समजावलं. आण्णांनी कोड्यातनं मान वर केली नाही.

"व्रत घेतलंय, पावणं. आता मोडता येत न्हाय."

एरवी ते मला बाळासो म्हणतात.