माबेले अध्यक्षांना खाली बसवते

म्दान्त्साने वस्तीत नोझिबेलेला नावाने हाक मारायची कुणाची छाती नाही. कुळावरून सगळे तिला माबेले म्हणतात, आणि जे तिच्या तालमीत रडले आहेत ते माघारी आणखी काय काय म्हणतात. बाप खाणकामगारांचा गायनवृंद बसवायचा. डो-रे-मीची सरगम ती त्याच्याकडूनच शिकली. बाईमाणसाने गाणाऱ्या पुरुषांपुढे उभं राहून तालासुरासाठी हात हलवावेत हे चर्चच्या वडीलधाऱ्यांना रुचलं नाही. तिने चर्च सोडलं, हात हलवायचं सोडलं नाही. पुढे शहराच्या वृंदाने तिला पगारी संचालिका नेमलं. स्पर्धा हरली की परीक्षकांना तोंडावर "कान तपासून घ्या" म्हणणारी ही बाई. वृंद बहुतेकदा जिंकायचा, म्हणून सगळे खपवून घेत.

मग क्वेटाना वृंदाचे अध्यक्ष झाले आणि टीव्हीवर गाण्याचं बोलावणं आलं.

"माबेले, पडद्यावर सुरकुत्या बऱ्या दिसत नाहीत. म्हाताऱ्यांना घरी बसवा."

"मग मलाही बसवा. मी कुठं पोरसवदा आहे?"

"तुमची फक्त पाठ दिसते."

तिने साफ नकार दिला. तेव्हा अध्यक्ष स्वतः तालमीच्या दारात उभे राहिले. पहिले परत पाठवले गेले ते ताता न्दिके; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे ताता म्हणतात. सगळा खर्जाचा गट ज्यांच्या आवाजावर उभा राहायचा ते, बुटांना पॉलिश करून आलेले. तरुण गायक खाली मान घालून आत गेले. माबेलेला बजावण्यात आलं: म्हातारे परत आणलेत तर नोकरी गेली.

थोड्याच दिवसांत ताता न्दिके वारले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण दिलं. माबेले क्वेटानांचं नाव घेते, आणि ते खोटं आहे असं निदान मी तरी म्हणणार नाही.

मयताच्या मंडपात अध्यक्ष बोलायला उठले. आमच्याकडे मयताला कुणी फार लांबण लावली, की मंडपातलं कुणीही स्तोत्र धरतं. सगळे साथ देतात, आणि बोलणाऱ्याने निमूट बसायचं असतं. त्यात कुणी अपमान मानत नाही. पण अध्यक्षांची जेमतेम दोन वाक्यं झाली होती.

"ताता न्दिके आमच्या वृंदाचा कणा होते. मी त्यांना वडिलांच्या जागी मानत होतो."

माबेले उभी राहिली आणि तिने स्तोत्र धरलं. एकटीने. पहिली ओळ संपली तरी कुणी साथ देईना. तिला वाटलं, आता नोकरीही गेली आणि अब्रूही.

"माबेले, मी आत्ता कुठे सुरुवात केलीय," अध्यक्ष म्हणाले.

"तेवढंही फार झालं."

तिने दुसरी ओळ उचलली. मागून एका तरुण पोरीने सूर लावला, तिच्यामागे तिची सगळी रांग उठली, आणि पाहता पाहता वृंदातले आवाजांचे चारही गट गाऊ लागले. स्तोत्र संपताच अध्यक्षांनी तोंड उघडलं. माबेलेने दुसरं धरलं. ते बसले.

दफनानंतरच्या जेवणाच्या पंगतीत ते तिच्याजवळ आले. "उद्यापासून तुम्ही संचालिका नाही."

"बरं. वाटेत उभे राहू नका, मटण गार होतंय."

पुढच्या तालमीला सभागृहात अध्यक्ष आणि नवा संचालक दोघेच होते. आमच्याकडच्या सुतकामुळे न्दिकेंच्या विधवेला वर्षभर घर सोडता येत नव्हतं, म्हणून तिलाही गाणं ऐकता यावं यासाठी वृंद तिच्याच अंगणात जमला, म्हाताऱ्यांसकट. कुणीतरी मान म्हणून ताता न्दिकेंची जागा मोकळी सोडली होती. माबेलेने ते पाहिलं आणि ती खेकसली:

"तिथं माणूस उभा करा. रिकाम्या जागेला गाता येत नाही."