कालव्याच्या अलीकडे

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मी नागपूर सोडलं. लग्नाला वर्ष झालं होतं आणि यांना जालंधर छावणीत क्वार्टर मिळालं होतं. बाबा कोराडीहून स्टेशनवर आले, ट्रंक डब्यात चढवली, पण खाली उतरेनात. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा यांचा हात धरून म्हणाले, "जावईबापू, आमची पोरगी कधी कामठीपलीकडं गेली नाही. सांभाळजा." यांनी नुसती मान हलवली. तेवढंच मनात घेऊन मी पुढचा प्रवास केला.

कुसुम, त्याला आता सोळा वर्षं झाली. परवा ट्रंककॉलवर तू रडलीस. "ताई, तिकडं रोज गोळ्या चालून राहिल्या, काहून राहून राहिली वं तू तिथं?" फोनवरच्या तीन मिनिटांत ते सांगून होणारं नाही, म्हणून लिहिते.

जालंधरला आमच्या शेजारी सुभेदारीणबाई होत्या, साताऱ्याकडच्या. पलटणीचा इतिहास मला त्यांच्याकडून कळला. पुरुष सांगत तो पदकांचा. बाई सांगत तो वेगळाच: बासष्टला बर्फात कोण राहिलं, पासष्टनंतर कोणती बाई तान्हं लेकरू घेऊन गावी गेली, कोणाला सासरच्यांनी घरात घेतलं नाही. पलटणीच्या मंदिराबाहेर लढायांत गेलेल्यांची नावं संगमरवरावर कोरलेली होती. पासष्टच्या नावांखाली बराच दगड कोरा होता. आरतीला गेलं की माझी नजर तिथंच जाई.

दसऱ्यानंतर सुट्ट्या रद्द झाल्या. खिडक्यांना काळा कागद लागला. मग एका सकाळी पलटण सरहद्दीकडं निघाली. बँड नाही, जयघोष नाही. बूट बांधता बांधता हे म्हणाले, "काही झालं तर बाबाजवळ जाजो."

"काही होत नाही," मी म्हटलं.

ट्रक गेले आणि क्वार्टरांच्या लाइनीत अशी शांतता पसरली, की कोणाकडं भांडं पडलं तरी साऱ्याजणी दारात येत.

डिसेंबरात लढाई लागली. भोंगा झाला की आम्ही खंदकात उतरायचो. पण विमानांपेक्षा आम्हाला भीती वाटायची कर्नलसाहेबांच्या बाईंची. त्या सुभेदारीणबाईंना घेऊन लाइनीत आल्या की कोणाच्या तरी घरची बातमी असे. त्यांची पावलं कुठं थांबतात, ते आम्ही पडद्याआडून ऐकत राहायचो. लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं तेव्हा आम्ही गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी आल्या आणि माझ्या दारात थांबल्या.

"बेपत्ता आहे," सुभेदारीणबाई म्हणाल्या. "गेला असं कोणी म्हटलेलं नाही, पोरी."

बाबा न्यायला आले. "चाल, घरी चाल."

"अन् हे आले, दाराले कुलूप दिसलं तर?" मी विचारलं. बाबा एकटेच परतले.

वर्षभरानं युद्धकैदी सुटले. मी सरहद्दीवर गेले आणि हद्द ओलांडून येणारा प्रत्येक चेहरा पाहिला. शेवटी यांच्या कंपनीतल्या एका हवालदारानं मला ओळखलं. तो इतका वाळला होता की मी त्याला ओळखलं नव्हतं.

"वहिनी, हद्दीपलीकडं कालवा होता," तो म्हणाला. "मला पाण्यातून ओढून त्यानंच बांधाआड टाकलं. दुसरा एकजण ओरडत होता, त्याच्यासाठी परत उतरला. मग तोफा पडल्या. मी शुद्धीवर आलो तेव्हा त्यांच्या ताब्यात होतो. कालव्यात कोणीच दिसत नव्हतं."

तो रडला. मला रडू आलं नाही. मी फक्त विचारलं, कालवा कोणत्या बाजूला? त्यानं फिरोजपूरच्या बाजूला हात केला.

पुढच्याच वर्षी मी नर्सिंगला नाव घातलं. शिकले, आणि नोकरी मागून घेतली ती हद्दीलगतच्या फिरोजपूरला. आता इथं मला सगळे सिस्टरजी म्हणतात. स्वप्नंसुद्धा अर्धी पंजाबीत पडतात. मी कोराडीला येते तेव्हा बाबांच्या शेताच्या दिशेला वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, वाळत घातलेल्या लुगड्यावर राख बसते, आणि शेजारची पोरं मला "पंजाबवाली" म्हणतात.

तुझी भीती खोटी नाही. इथं अतिरेक्यांच्या भीतीनं अंधार पडायच्या आत दारं लागतात. मागच्या महिन्यात आमचा दूधवाला फेरीला गेला तो आलाच नाही. त्याची सायकल उसात सापडली. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की अख्खी गल्ली श्वास रोखते. दारामागं उभी राहून पावलं ऐकायची सवय मला जुनी आहे.

पण हद्दीपलीकडच्या त्या कालव्यापर्यंत मला कोणी जाऊ देणार नाही, कुसुम. जवळात जवळ इथवरच येता येतं. म्हणून माझं घर इथं.