सुतकातलं ऑइल-फ्री

चहाची कपबशी आधी खाली ठेवा. हे ऐकताना आमच्या एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता, म्हणून सांगते. आणि गोष्ट तर मरणाची आहे! मरणाघरी मी जे शेण खाल्लं, तसं कुणी खाल्लं नसेल.

आमच्या सासूबाई वारल्या त्या वर्षीची ही गोष्ट. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले ना, तेच वर्ष. दसऱ्याला नवे जिल्हे झाले आणि आमची वांकिडी दुसऱ्याच जिल्ह्यात गेली. म्हातारी आजारी पडली एका जिल्ह्यात आणि वारली दुसऱ्या जिल्ह्यात. खाट वीतभरही हलवली नव्हती!

आता तुमच्यापासून काय लपवू? माझं आणि आत्याबाईंचं कधी पटलं नाही. माझी कातडी जन्माची कोरडी. थंडी पडली की गालांवर खवले निघतात. त्यावर आत्याबाईंचा एकच इलाज, मोहाच्या बियांचं तेल. थंडीत ते तुपासारखं गोठतं आणि वास असा की कुत्रंही शेजारून जाणार नाही. लग्नानंतर दरवर्षी त्या वाटी पुढं करायच्या, "लाव वं, कातडी फाटून राह्यली तुही." आणि एका वर्षी मी फटकन बोलले, "मी काय बैलगाडीचं चाक हाय का?" त्या वाटी परत घेऊन गेल्या. त्यानंतर कधी पुढं केली नाही.

तर त्या गेल्या आणि मला रडूच येईना.

मरणाघरी बाई भेटायला आली की गळ्यात पडून दोघींनी रडायचं, ही रीत. येणारी हंबरडा फोडायची आणि मी तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून भिंतीवरची पाल बघायची. माझी नणंद सुमनताई मुधोळहून आली होती. तिचं लक्ष सगळं माझ्या डोळ्यांवर. तिसऱ्या दिवशी ती मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "एक टिपूस नाही काढला हिनं मायसाठी. दगड हाय दगड."

आणि तिनं भावाला सांगून टाकलं, "तेरवी झाली का मी चालली. ह्या घराची पायरी आता चढत नाही."

आमचे हे त्या दिवशी जेवले नाहीत. आई गेली होतीच, आता बहीणही चालली, तीही माझ्या कोरड्या डोळ्यांपायी. मी काय करणार? डोळ्यांत कांदा पिळू? सुतकात फोडणीसुद्धा नव्हती घरात!

त्यात ती थंडी. आमच्याकडची थंडी म्हणजे सकाळी बादलीत हात घातला की बोटं मोजून घ्यावी लागतात. आणि सुतकात अंगाला तेल नाही, साबण नाही, आरशात बघायचं नाही. आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. सातव्या दिवसापर्यंत माझ्या गालांची अशी अवस्था की पदर लागला तरी ओरडावंसं वाटे.

नेमका सातव्या दिवशी पटवारी आला. आत्याबाईंच्या नावावर जमीन होती, ती मुलांच्या नावावर करायची होती. आमच्याकडं याला विरासत म्हणतात. "मिसल उद्याच नव्या जिल्ह्याला जाऊन राह्यली," तो हातातली फाइल दाखवत म्हणाला. "घरच्या सगळ्यायचा एक फोटो पायजे. आत्ताच."

फोटो! नव्या जिल्ह्याच्या दप्तरात कायमचा! आणि माझं तोंड असं, पोपडे निघालेल्या भिंतीसारखं!

तेव्हा मला ती बाटली आठवली. भाच्याच्या लग्नासाठी चंद्रपूरहून फाउंडेशन आणलं होतं. दुकानातल्या पोरीनं विचारलं होतं, "ताई, स्किन ड्राय आहे का ऑइली?" चारचौघांत कोरडी कसं म्हणायचं? मी ऐटीत म्हटलं, "नॉर्मल." वर सांगितलं, "त्यातला सगळ्यात गोरा रंग द्या." बिचारी समजावत होती, "आधी मॉइश्चरायझर लावा, ते मुरू द्या, मग ओल्या स्पंजनं थोडं थोडं टिपा, चोळू नका." मी कुठलं ऐकते!

पण सुतकात असलं काही लावायचं कसं? मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बाटली पदराखाली धरून विचार करत होते. आणि लेबलावरची अक्षरं दिसली. ऑइल-फ्री.

अहो, तेलच नाही त्यात! सुतकात तेल वर्ज्य आहे. यात तेल नाही म्हणून कंपनीच लिहून देते आहे. मग अडचण काय? मॉइश्चरायझर मात्र लावलं नाही. ते तेलकट असतं. नियम म्हणजे नियम!

आरसा नव्हता. चुलीजवळच्या अंधारात हाताच्या अंदाजानं तीन थर दिले. चांगले चोळून.

अंगणात आले आणि ऊन तोंडावर पडलं. पटवाऱ्यासोबतचा तेलुगू माणूस मोबाइल सरसावून उभा होता, तो एक पाऊल मागं सरला. "एमैंदम्मा?" म्हणाला. काय झालं बाई, असं. मी म्हटलं, काही नाही, काढा. ओठ हलले तसे गाल ओढल्यासारखे वाटले. काहीतरी तडकतंय असं वाटलं, पण मी म्हटलं नवीन वस्तू आहे, बसायला वेळ लागत असेल. ह्यांच्या आणि सुमनताईच्या मधे ताठ उभी राहिले. फोटो निघाला.

मग सुमनताईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहराच बदलला.

"वैनी! अवं बाई, हे काय झालं तुमाले? रक्त आटलं का काय?"

भेटायला आलेल्या बाया गोळा झाल्या. माझं तोंड पांढरंफटक, त्यावर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. एकीनं छातीवर हात मारला. "दुःख आत गेलं वं हिच्या. रडली नाही ना, सारं आत साचलं."

"अन मी हिले दगड म्हणली," सुमनताई मटकन खाली बसली. "वैनी, मले माफी करा वं."

आता बोला! खरं सांगायला तोंड उघडावं तर गालाचा तुकडा पडायची भीती. मी गप्प बसले. तशी त्यांची खात्रीच पटली.

"हिले रडवा लागते," शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "नाही तर काळीज फुटते."

झालं! मला ओसरीवर मधे बसवलं आणि सात-आठ जणी भोवती. ज्या रडण्यावाचून सहा दिवस माझी अब्रू जात होती, ते रडणं आज सगळ्या मिळून काढायला बसल्या. आणि आज मला रडायचंच नव्हतं! एक थेंब ओघळला की थर वाहणार आणि सुतकात नटवी म्हणून गावभर डंका. एकजण आत्याबाईंच्या हातच्या भाकरीचं सांगे, दुसरी त्यांनी केलेल्या बाळंतपणाचं सांगे. मी दात आवळून छताचे वासे मोजत होते.

"नाही रडून राह्यली," काकू घाबरून म्हणाल्या. "सुमन, मायची पेटी आण."

सुमनताईनं आत्याबाईंची पत्र्याची पेटी आणली. दोन लुगडी, कुंकवाची डबी आणि तळाशी काचेची एक बाटली. बुचाऐवजी चिंधीचा बोळा. चिंधी माझ्या जुन्या ब्लाउजची होती, मी ओळखली. आत तुपासारखं काहीतरी गोठलेलं.

"हे तुमचं हाय वैनी," सुमनताई म्हणाली. "खाटेवर पडल्यापडल्या मायनं काकूकून काढून घेतलं. मले फोनवर म्हणे, सुनेची कातडी लय फाटते थंडीत. माह्या हातून ते घेत नाही, तू दे. म्या मुद्दाम नाही दिलं. तुमाले रडता पाह्यल्याशिवाय द्याचं नाही, असं ठरवलं होतं म्या."

मोहाचा वास आला.

मग मी काय सांगू! असा हंबरडा फुटला की काकू मागं सरकल्या. सात दिवसांचं नाही हो, वीस वर्षांचं. आत्याबाई, आत्याबाई करत मी ती बाटली छातीशी धरली. सुमनताईनं मला कवटाळलं आणि रडत रडत आपल्या पांढऱ्या पदरानं माझं तोंड पुसलं.

आणि पदराकडं पाहिलं.

अर्धं फाउंडेशन पदरावर होतं. तिनं बोट लावलं, वास घेतला. माझ्या अर्ध्या गोऱ्या, अर्ध्या लाल तोंडाकडं पाहिलं. आता ही ओरडणार.

सुमनताईनं गुपचूप पदराची घडी घातली, डाग आत. मग बाटलीचा बोळा काढला, बोटभर तेल तळहातावर चोळून पातळ केलं आणि माझ्या गालांना लावायला लागली.

"सुमन, सुतक हाय वं!" काकू म्हणाल्या.

"असू द्या," ती म्हणाली. माझ्या कानाशी वाकून हळूच बोलली, "कोरड्या कातडीले आधी तेल लावा लागते वैनी, मंग बाकीचं. मायनं सांगतलंच होतं ना?"

ती दरवर्षी येते आता. तेल तीच आणते.

पण तो फोटो राहिलाच की! तीन महिन्यांनी विरासतीचा कागद आणायला आम्ही दोघं नव्या ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनानं मिसल उघडली, फोटो पाहिला आणि हळहळत बरोबर माझ्यावर बोट ठेवलं. ह्यांना म्हणाला, "मय्यत यही हैं ना?"

हे खोकले. मी शेजारी उभी होते, मोहाच्या तेलानं चकचकीत, ऑफिसभर वास सोडत. कारकुनानं मला पाहिलं, फोटो पाहिला, पुन्हा मला पाहिलं. मग पेन उघडलं आणि फोटोत माझ्या डोक्यावर तेलुगूत एक शब्द लिहिला.

बाहेर आल्यावर मी ह्यांना विचारलं, काय लिहिलं हो त्यांनी? हे तेलुगू वाचतात.

म्हणाले, "जिवंत."