नरनाळ्याच्या दरवाज्यात कोण बसलं होतं?

भुताखेतांचे असे अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचायचे. खरंच. डबा संपेपर्यंत एखादा किस्सा, मग हात धुवून परत लॅबमध्ये. माझं कामच रक्त तपासायचं... रिपोर्टवर जो आकडा येईल तेवढंच खरं. आणि आमच्या घरात आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून भूत, बाहेरचं, अंगात येणं या गोष्टींना थाराच नव्हता. माझे बाबा तिवशाला पोस्टमन होते. कोणी उतरवून टाकलेलं लिंबू रस्त्यात दिसलं, तर ते उचलून घरी आणायचे आणि धुवून सरबत करून प्यायचे. अशा माणसाची मी मुलगी. तेव्हा मी घाबरट आहे, मला भास होतात, असं कृपा करून कोणी लिहू नका. मी घाबरलेली नाही. मी चिडलेली आहे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. लग्नाला आठ वर्षं झाली म्हणून मी आणि नवरा शनिवार-रविवार फिरायला निघालो. आम्ही अकोल्याला राहतो, तो ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. (तोंडावर मी त्याला 'अहो, तुम्ही' करायचे. इथे मुद्दाम 'तो' लिहितेय.) लांब कुठे नको, आपल्याच भागातलं जुनं काय काय आहे ते बघू, ही माझीच कल्पना. शनिवारी बाळापूरचा किल्ला बघितला, नदीकाठची छत्री बघितली. फोटो काढले, बरं वाटलं. मुक्काम मात्र तेल्हाऱ्याला, त्याच्या आईकडे. त्याच्या डोक्यात फिरणं म्हणजे शेवटी तेच!

रविवारी सकाळी अकोटवरून गडाच्या पायथ्याच्या शहानूरला पोचलो. वनखात्याच्या गेटवर नावं लिहिली, साठीतले एक गाईडकाका गाडीत बसले आणि घाट चढून आम्ही नरनाळा किल्ल्यावर आलो. तलावाजवळ गाडी लावली. साडेदहा-अकरा झाले असतील, लख्ख ऊन. मी सहज म्हणाले, "बाबांना हा गड दाखवायचा राहिला."

"झालं सुरू," नवरा म्हणाला. "कुठंही गेलं की बाबा! तीन वर्षं झाले आता, मने."

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. आई लवकर गेली, त्यामुळे बाबा तिवशाला एकटेच राहायचे. ते गेले त्या दिवशी तेल्हाऱ्याला माझ्या नणंदेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मी सकाळपासून पाहुण्यांना वाढत होते. संध्याकाळी शेजाऱ्यांचा फोन आला... बाबा खुर्चीतच गेले होते, दुपारी कधीतरी. "अचानक झालं, कोणालेच समजलं नाही," असं नवरा सगळ्यांना सांगत होता. माझा मोबाईल त्या गडबडीत चार्जिंग संपून बंद होता. पण नवऱ्याचा नंबर बाबांना पाठ होता. मग त्यांनी त्याला का नाही केला फोन? मुलीची आठवण नसेल का आली? तीन वर्षं मी हे स्वतःशीच बोलत होते. आणि हा म्हणतो, झालं सुरू!

मी सरळ गाईडकाकांकडे वळले. त्यांना गडाच्या महाकाली दरवाज्याची वाट विचारली. "या पायवाटेनं सरळ उतरा बाई, चुकनार नाई. येकच वाट हाये," ते म्हणाले. नवरा म्हणाला, "मले नाही यायचं. तू जाऊन ये." मी पाण्याची बाटली घेतली आणि निघाले.

दरवाजा खरंच देखणा आहे. दोन्ही बाजूंना सज्जे, दगडात कोरलेली फुलं, वर कोरलेल्या ओळी. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी आत वळले, तर पहारेकऱ्यांसाठीच्या ओट्यावर नवरा बसलेला. तोच निळा टी-शर्ट. चष्मा नव्हता, पण मला वाटलं खिशात ठेवला असेल. मी मनात म्हटलं, आला वाटतं मागोमाग, चूक कळली असेल. वाटेत मला ओलांडून कसा गेला, हा विचार तेव्हा शिवलाही नाही.

मी समोर उभी राहिले. त्याने वर बघितलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबांचा फोन आला होता. साक्षगंधाच्या दिवशी, सकाळी. मी उचलला."

मला आधी अर्थच लागेना. "काय?"

"म्हणत होते, मनीले सांगा छातीत कसंतरी होऊन राहिलं, येऊन जा म्हणा. अन् उपाशी नको निघू म्हणा, दोन घास खाऊन निघ." आवाज त्याचाच, पण अगदी सपाट. पेपर वाचून दाखवावा तसा. "मी तुले सांगितलं नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मी नवऱ्याला 'अरे' म्हटलं. "अरे, माणूस आहेस का तू?" आणखीही बरंच बोलले, इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी तशीच उलटी फिरले आणि चढ चढायला लागले. ठरवलं, गाडी घ्यायची आणि निघायचं... याने चालत यावं अकोटला. धाप लागली तरी थांबले नाही.

वर पोचले तर नवरा गाडीच्या बॉनेटला टेकून काकांसोबत शेंगा खात होता. डोळ्यांवर चष्मा. समोर टरफलांचा ढीग.

"तुम्ही वर कधी आले?" मी विचारलं.

"कुठून? मी तर इथंच आहे."

काका म्हणाले, "साहेब तं हलले नाई बाई इथून. तुमी गेल्या तवापासून मले कालेजातल्या गोष्टी सांगून राहिले."

मी सरळ विचारलं, "साक्षगंधाच्या दिवशी बाबांचा फोन आला होता. तुम्ही उचलला होता. हो की नाही?"

तो 'नाही' म्हणाला नाही. 'काय बोलतेस' म्हणाला नाही. तो म्हणाला, "तुले कोणं सांगितलं?"

बस. तिथेच सगळं कळलं.

दरवाज्यात कोण बसलेलं दिसलं ते मी सांगितलं, तेव्हा काका बिचारे खाली दरवाज्यापर्यंत जाऊन आले. कोणी नव्हतं. घाटात नवरा बोलत होता... पाहुणे यायचे होते, तू निघून गेली असतीस तर लोक काय म्हणाले असते, मले वाटलं गॅसेस असतील, संध्याकाळी सांगणारच होतो. मी खिडकीबाहेर बघत होते.

तेव्हापासून मी तिवशाला बाबांच्या घरात राहते, अमरावतीच्या एका लॅबमध्ये जाते. घरच्या लोकांना सांगितलं, तर सगळ्यांना एकच ऐकायचं असतं, गडावर कोण होतं, कसं दिसत होतं, सावली होती का. फोनबद्दल कोणी विचारत नाही! फिजिक्सचे मास्तर सांगत फिरतात, मनीषाला स्ट्रेस आहे, हॅल्युसिनेशन आहे. मग हॅल्युसिनेशनला फोनचं कसं माहीत होतं? तर म्हणे, कुठूनतरी समजलं असेल. कुठून? फोन झाला दोघांत. एक गेला आणि दुसऱ्याने तोंड उघडलं नाही.

माझी आत्या म्हणते, तुझे बाबाच आले होते. मला याचाही राग येतो. माझे बाबा आले असते तर स्वतःच्या तोंडाने आले असते, या माणसाचं तोंड घेऊन कशाला?

मागच्या महिन्यात नवरा तिवशाला आला होता. आत घेतलं नाही, फाटकातच उभं केलं. म्हटलं, बाबा काय म्हणाले ते शब्द न् शब्द सांग. तो म्हणाला, "छातीत कसंतरी होऊन राहिलं, मनीले येऊन जा म्हणा. एवढंच."

"आणि उपाशी निघू नको, दोन घास खाऊन निघ... हे?"

तो म्हणाला, "ते काही बोलून राहिले होते, पण गाडीतून पाहुणे मंडळी उतरत होती. मी मधातच कट केला."

ते ऐकायला फोनवर कोणीच नव्हतं. मग मला कोणी सांगितलं? पण बाबा तसंच म्हणाले असणार. मला त्यांचा आवाज माहीत आहे.