नावापुढचा फे

निजामाचं राज्य गेलं आणि परभणीच्या कचेरीतल्या उर्दू दप्तराचा मराठी तरजुमा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. उर्दू मला येत होती, कारकुनांचे संक्षेप येत नव्हते. सालाच्या आकड्यापुढे ‘फे’ हे अक्षर असलं की फसली, म्हणजे महसुली साल, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तुरुंगाच्या जुन्या दप्तरात एका कारकुनाने काही कैद्यांच्या नावांपुढेही नुसता फे काढून ठेवला होता. पुरा शब्द लिहायला काय हात झडले होते त्याचे? त्याला विचारायचीही सोय नव्हती. तो हैदराबादेला गेला होता आणि तिथून पुढे कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

एक दिवस चारठाण्याकडची एक बाई दिराबरोबर आली. तिच्या नवऱ्याला निजामाविरुद्धच्या गडबडीच्या काळात पकडून तुरुंगात नेलं होतं, तो परतलाच नव्हता. दिराला त्या नोंदीची मराठी नक्कल हवी होती. नावापुढे फे. म्हणजे एक तर फौत, म्हणजे मयत, नाहीतर फरार. मी फौत लिहिलं की जमीन दिराकडे आणि बाईचं कुंकू पुसलेलं. फरार लिहिलं की दोन्ही शाबूत.

मी बाकीचे फे ताडून पाहिले. मानवतचा एक फे आठवड्यापूर्वीच बाजारात कापूस विकताना मला भेटला होता. पाथरीच्या दुसऱ्या फेच्या तुरुंगातून आलेल्या प्रेताला मी स्वतः खांदा दिला होता. अक्षर तेच, वळण तेच, ठिपकासुद्धा तसाच. भर दुपारी कोणीतरी पाठीशी उभं राहून माझ्या बोरूकडे बघतंय असं वाटू लागलं. मी भ्यालो होतो.

“फौतच हाय, लिवा की,” दीर म्हणाला.

बाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. “तुमी लिवस्तोर त्यो जित्ता हाय, साहेब.”

शेवटी मी मराठीतही नुसता ‘फ’ लिहिला. इतका इमानदार तरजुमा मी पुन्हा केला नाही. दीर तणतणत बाहेर गेला.

बाई मागे रेंगाळली. “लय उपकार झाले. रातच्याला येतो त्यो. रोज इचारतो, काय लिवलं म्हून. आज सांगते, अजून काई लिवलं न्हाई.”

फरार माणूस रात्रीचाच घरी येणार, हे मला कळत होतं. पण मेलेलाही रात्रीचाच येतो. त्याला वाढलेलं ताट रिकामं होतं का, एवढंच विचारायचं होतं. माझं धाडस झालं नाही.