अठ्ठ्याहत्तर की चौऱ्याण्णव

श्रीकांत वाळिंब्यांनी चोवीस वर्षांत कुणी सांगितलेला आकडा जसाच्या तसा खरा मानलाय, असं फार तर चार-पाचदा झालं होतं. यात स्वभावाचा वाटा निम्मा आणि नोकरीचा निम्मा. मिरजेहून स्पर्धा परीक्षा देऊन ते कस्टम्समध्ये लागले, पोस्टिंग कोलकात्याला आलं, दोन वर्षांत बदली करून घेऊ म्हणता म्हणता डमडमला फ्लॅट झाला, आणि खिदिरपूरच्या गोदीत परदेशातून उतरणाऱ्या मालाची खरी किंमत ठरवणं हे आयुष्यभराचं काम होऊन बसलं. हे काम करणाऱ्याला अप्रेझर म्हणतात. व्यापारी कागदावर मालाची किंमत लिहून आणतो आणि हटकून कमी लिहितो, कारण किंमत कमी तर कर कमी. अप्रेझरनं तसाच माल त्याच सुमारास दुसऱ्या कुणी कितीला आणला ते शोधायचं आणि कागदावरची किंमत वर चढवायची. वाळिंब्यांच्या हातून सहसा वीस टक्के चढायचे.

हे गोदीत ठीक होतं. पण वाळिंबे ते डबा आणि छत्रीबरोबर रोज घरी घेऊन यायचे. जेवायला आलेला पाहुणा 'अर्धीच पोळी' म्हणाला की ते दोन वाढायला लावत. शेजारच्या सान्यालबाबूंनी रिटायर व्हायला चार वर्षं आहेत असं सांगितलं, तर यांनी मनातल्या मनात पाच धरली. उलट, सवलत मागणारा नेहमी वाढवून सांगतो, असाही त्यांचा अनुभव होता. त्यामुळे पोट दुखतं म्हणून शाळा बुडवू पाहणाऱ्या मुलीचं दुखणं ते निम्मं करून घेत. देवयानीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, लग्नानंतर सहा महिन्यांतच यावर तोडगा काढला होता. त्या प्रत्येक आकडा आधीच फिरवून सांगत, म्हणजे नवऱ्याच्या डोक्यातून तो बरोबर होऊन बाहेर पडे.

मृणालला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, ही युक्ती कधी जमली नाही. म्हणजे कळत होती, पण करवत नव्हती. ती बारावीत होती, जन्मानं आणि बोलण्यानं अर्धी बंगाली, आणि आकड्यांच्या बाबतीत भलतीच सरळ. जानेवारीत तिनं इंजिनीअरिंगसाठीची जेईई मेन दिली. क्लासनं दुसऱ्याच दिवशी उत्तरं काढून मुलांना वाटली, आणि मृणालनं मोजून सांगितलं की तीनशेपैकी बहात्तर पडतील, त्यातले चोपन्न गणितातले. फिजिक्स आणि केमिस्ट्रीशी तिचं आठवीपासूनच बोलणं बंद होतं.

वाळिंबे बहात्तर ऐकून प्रसन्न हसले. एवढं कमी सांगते आहे म्हणजे चांगलीच दडवते आहे, असं त्यांनी ताडलं. मुलं असंच करतात, आधी कमी सांगायचं म्हणजे नंतर घरात आनंद मोठा होतो. शिवाय या परीक्षेत नुसत्या मार्कांना अर्थ नसतो, पर्सेंटाइलला असतो. देशभरातल्या शंभर मुलांमध्ये आपल्या मागे किती उभी आहेत ते बघायचं. पेपर अवघड असला की कमी मार्कांतही माणूस पुढे जातो, आणि पेपर अवघड होता हे तर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वमान्य झालं होतं. तिथे रोज कुणीतरी मार्क आणि पर्सेंटाइलचं नवं कोष्टक टाकी. कुठल्याही दोन कोष्टकांचं आपसात पटत नसे, म्हणून प्रत्येक पालक आपल्याला मानवेल ते जपून ठेवी.

वाळिंब्यांना कोष्टकांची गरज नव्हती. त्यांच्याकडे खात्याची पद्धत होती. तसाच माल, त्याच सुमाराचा, कितीला आला? सॉल्ट लेकमध्ये आयटीत असलेल्या प्रभाकर शेजवलकरांचा विहंग त्याच क्लासला होता, त्याच दिवशी त्याच वेळेला पेपरला बसला होता, आणि त्याला एकशे अठ्ठेचाळीस पडणार होते. दहावीत हा विहंग मृणालच्या तीन टक्के मागे होता. झालं. प्रकरण सिद्ध. वाळिंब्यांनी गोदीतल्या सहकाऱ्यांना चहा पिता पिता सांगून टाकलं की नव्वदच्या वर कुठेही असेल.

मृणालचं म्हणणं वेगळंच होतं. तिला इंजिनीअर व्हायचंच नव्हतं. डमडमहून रिक्षानं जाता येईल इतक्या जवळ, बरानगरला, संख्याशास्त्राची मोठी संस्था आहे. तिथली प्रवेश परीक्षा तिला द्यायची होती, आणि त्यासाठी फेब्रुवारीतच क्लास सोडून नुसत्या गणितामागे लागायचं होतं. हे तिनं अकरावीपासून तीनदा सांगितलं होतं. वाळिंब्यांनी तिन्ही वेळा त्याचा अर्थ असा लावला की पोरगी इंजिनीअरिंगला घाबरते आहे आणि सवलत मागते आहे.

मधे सरस्वती पूजा आली. कोलकात्यात त्या दिवशी पुस्तकं देवीपुढे ठेवायची असतात, अभ्यास करायचा नसतो, आणि तमाम मुली पिवळ्या साड्या नेसून, मुलं पंजाबी, म्हणजे लांब कुर्ते, चढवून जी बाहेर पडतात ती संध्याकाळीच उगवतात. त्यात आणखी काय काय चालतं ते सगळ्या पालकांना ठाऊक असतं, कारण बंगाली पालकांनी तरुणपणी तेच केलेलं असतं. मृणाल आईची पिवळी साडी नेसून सकाळी नऊला क्लासच्या पूजेला गेली आणि पाचला परतली. कुठे होतीस विचारल्यावर म्हणाली, खिचडीच्या रांगेत उभी राहून मुलांना त्यांचे मार्क विचारत होते. वाळिंब्यांनी आयुष्यात खूप कागद पाहिले होते, पण इतकी लंगडी सबब पाहिली नव्हती. त्यांनी देवयानीबाईंकडे अर्थपूर्ण पाहिलं. कोण मुलगा असावा, हा विषय त्यांनी पुढे दोन दिवस पुरवला.

तिसऱ्या दिवशी जेवताना मृणालनं जाहीर केलं.

"बाबा, माझे अठ्ठ्याहत्तर पर्सेंटाइल येणार. अर्धा-एक इकडेतिकडे."

वाळिंब्यांनी आमटीभाताचा घास घेतला आणि निवांतपणे चौऱ्याण्णव म्हणाले. मृणाल म्हणाली, मग पैज लावू. तिनं अटी आधीच ठरवून आणल्या होत्या. बाबांचा आकडा जवळचा ठरला तर ती मुकाट्यानं जेईईच्या एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीला बसेल, लागलं तर एक वर्ष जास्त घेईल आणि बरानगरचं नावही काढणार नाही. तिचा आकडा जवळचा ठरला तर क्लास बंद, आणि बाबा स्वतः शेजारी बसून बरानगरचा फॉर्म भरून देतील. वाळिंब्यांना हे फारच स्वस्तात मिळाल्यासारखं वाटलं. त्यांनी लगेच होकार दिला, आणि नंतर कुणाला आकडा फिरवता येऊ नये म्हणून दोन पाकिटं काढली. दोघांनी आपापले आकडे लिहून पाकिटं बंद केली, आणि गोदीत मालाच्या नमुन्यांवर लावतात तशी लाल लाख वाळिंब्यांनी वितळवून त्यांवर लावली. मृणालचं पाकीट जरा जाड होतं, पण आकडा एकच असतो, तो कितीही जाड कागदावर लिहिला तरी, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. देवयानीबाईंनी दोन्ही पाकिटं देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवली आणि दिवा लावताना रोज दोन्हीकडे सारखंच पाहत राहिल्या.

निकाल मंगळवारी सकाळी लागला. वाळिंब्यांनी रजा काढली होती आणि आदल्या संध्याकाळीच नोलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाच्या, संदेश मिठाईचे तीन बॉक्स आणून ठेवले होते, दोन ऑफिससाठी, एक सान्यालांकडे. वेबसाइट तीनदा बसली, चौथ्यांदा उघडली.

अठ्ठ्याहत्तर पॉइंट तीन एक.

वाळिंब्यांनी चष्मा पुसला आणि पान पुन्हा उघडायला लावलं. मग अर्ज क्रमांक ताडून पाहिला. मग म्हणाले, सुधारित निकाल येत असतो. तेवढ्यात मिरजेहून फोन आला. वाळिंब्यांच्या आई, निर्मलाबाई, सकाळपासून फोनजवळच बसून होत्या. आकडा ऐकून त्या आनंदल्या. अठ्ठ्याहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन झालं की रे, म्हणाल्या, आणि तू उगाच रडक्या आवाजात बोलतोस, तुला कुठे मिळालं होतं. पर्सेंटाइल समजावून सांगायला वाळिंब्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दिवसाची एकुलती एक खुश व्यक्ती कशाला घालवायची.

मग पाकिटं काढली गेली. वाळिंब्यांच्या पाकिटात चौऱ्याण्णव होतं, ते सगळ्यांना माहीतच होतं. मृणालच्या पाकिटात चार पानं निघाली. पहिल्या पानावर वर लिहिलं होतं, ७८.४. खाली दोनशे बारा मुलांचे मार्क होते, आणि प्रत्येकापुढे क्लासच्या देशभर होणाऱ्या सराव परीक्षांत त्याचा पर्सेंटाइल काय यायचा ते लिहिलेलं होतं. पुढच्या पानावर त्यांतून काढलेली एक वळणदार रेघ होती आणि त्या रेघेवर एका ठिकाणी लाल टिंब, मृणाल. पिवळ्या साडीतला तो अख्खा दिवस इथे मांडून ठेवलेला होता. तसाच माल, त्याच सुमाराचा, एक नाही दोनशे बारा. वाळिंब्यांनी अप्रेझरच्या नजरेनं चारही बाजूंनी फट शोधली. सापडली नाही.

तिसऱ्या पानावर एकच ओळ होती. बाबांच्या पाकिटात ९४ असणार, कारण ७८ वर वीस टक्के.

देवयानीबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. वाळिंबेही हसायला निघाले होते, पण हात चौथ्या पानावर गेला. तिथे तीन रकाने होते. मी काय सांगितलं, बाबांनी काय धरलं, खरं काय निघालं. दहावी, मी ८१, बाबा ९७, निघाले ८१.६. पोहण्याची शर्यत, मी चौथी, बाबा दुसरी, आले चौथी. अशा सहा-सात ओळी. शेवटची सातवीतली होती. ताप, मी १०२, बाबा ९९, डॉक्टर १०२.

तो दिवस वाळिंब्यांना आठवला. त्या दिवशी भूगोलाची चाचणी होती, म्हणून त्यांनी तिला शाळेत पाठवलं होतं, आणि साडेअकराला शाळेतून फोन आला होता. रिक्षात ती त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, आणि पुढे तिनं तो विषय कधीच काढला नव्हता. विसरली असेल असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. त्यांना आता त्या पानाकडे बघवेना आणि पान खाली ठेवताही येईना.

मृणालनं त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि शेजारी बसली.

"बाबा, तू माझी किंमत वाढवतो, तेव्हा तुला वाटतं की तू माझं कौतुक करतो," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी तू मला खोटी ठरवतो. तिथे मला लागतं."

वाळिंब्यांना खूप काही सांगायचं होतं. की मी आयुष्यभर खोटंच सांगणारी माणसं बघितली. की तुझी किंमत मला खरंच जास्त वाटते, अजूनही वाटते. पण हे सगळं बचावाचं भाषण होतं, आणि समोरच्या पक्षाचं असलं भाषण ते स्वतः गोदीत दोन मिनिटांच्या वर ऐकून घेत नसत. मुलीपुढे आपण चुकलो याची त्यांना लाज वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही. माझं चुकलं, असं ते म्हणाले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या पानावर, ७८.४ च्या खाली, ऑफिसच्या अक्षरात लिहिलं, 'सांगितलेली किंमत मान्य'. खाली सही केली, तारीख घातली. असा शेरा त्यांनी नोकरीत फार तर चार वेळा लिहिला असेल, आणि त्यातल्या दोनदा नंतर पस्तावले होते.

संदेशाचा एक बॉक्स लगेच उघडला गेला. सान्यालांचा बॉक्स घेऊन देवयानीबाई शेजारी गेल्या आणि अठ्ठ्याहत्तरच सांगून आल्या, न फिरवता. ऑफिसात आता काय सांगायचं हा प्रश्न वाळिंब्यांनी उद्यावर टाकला. ठरल्याप्रमाणे ते लॅपटॉपपुढे मुलीच्या शेजारी बसले आणि बरानगरचा फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, पत्ता त्यांनी स्वतः भरला, एकेक अक्षर तपासून. पालकाच्या व्यवसायाशी आल्यावर ते जरा थांबले, मग 'कस्टम्स अप्रेझर' असं तेही खरं भरलं.

फॉर्म गेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की इथे लागण्याची शक्यता किती वाटते. मृणालनं छताकडे बघून क्षणभर हिशेब केला.

"तीस टक्के, बाबा."

वाळिंब्यांच्या जिभेवर छत्तीस आलं. दारातून परत आलेल्या देवयानीबाईंना ते तिथून दिसलं असावं, कारण त्या जागीच थांबल्या. मृणालही बघत होती.

"तीस," वाळिंबे म्हणाले, आणि संदेशाचा बॉक्स तिच्याकडे सरकवला.